पाटाचं पाणी आणि गोठ्यातले डास

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण वजा पातळीत गेलं. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेचं भीमेचं बॅकवॉटर मागे हटत गेलं आणि एरवी होड्या चालतात तिथे गाळाला भेगा पडल्या. पुरता वाळलेला गाळ डासांच्या उपयोगाचा नसतो. पण पाणी ओसरत असताना जागोजाग जी उथळ, नितळ, उन्हात तापलेली डबकी मागे राहतात, ती ॲनोफिलीसच्या मादीला अंडी घालायला हवी तशी असतात. पुढच्या वर्षी चित्र पार उलटलं. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस, मृग नक्षत्र अजून लांब असताना, बारामती-इंदापुरात असा पाऊस कोसळला की नीरा डावा कालवा फुटला, घरांत पाणी शिरलं आणि एनडीआरएफची पथकं बोलवावी लागली. एका उन्हाळ्यात पाणी नाही, दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी मावेना.

या दोन्ही उन्हाळ्यांत हिवताप विभागातला एक कीटक समाहारक याच पट्ट्यात डास गोळा करत फिरत होता. गावोगावी त्याला 'मलेरियावाले' म्हणतात. नोकरीची बरीच वर्षं याच दोन तालुक्यांत गेल्यामुळे कुठल्या चारीला आवर्तन कधी येतं, कुठल्या वाडीला टँकर किती दिवसांआड येतो, कुणाच्या गोठ्यात किती गाई आहेत, हे त्याला पाटकऱ्याइतकंच ठाऊक आहे. डासांच्या जगात एक उलथापालथ चालू आहे. ती दवाखान्याच्या केसपेपरवर यायला वेळ लागतो. अशा माणसाच्या डास पकडायच्या नळीत ती आधी येते.

त्याचं पहाटेचं काम गोठ्यातलं. झोळीत टॉर्च, काचेची सक्शन ट्यूब, तोंडाला जाळी बांधलेले कप, कापूस आणि नोंदवही. गाईंच्या धारा सुरू व्हायच्या आत तो गोठ्यात शिरतो, कारण एकदा बादल्यांचा खडखडाट आणि शेणाची झाडलोट सुरू झाली की भिंतीवरचे डास उठतात. पत्र्याच्या खालच्या अंगाला, तुळईच्या सावलीत, गव्हाणीमागच्या ओल्या कोपऱ्यात रात्रभर रक्त पिऊन जड झालेल्या माद्या बसलेल्या असतात. ॲनोफिलीस ओळखायला भिंग लागत नाही. ती भिंतीशी तिरकी बसते, डोकं भिंतीकडे आणि शेपटाकडचा भाग वर उचललेला. बाकीचे डास भिंतीला समांतर बसतात. नळीचं तोंड हलकेच तिच्यावर धरायचं, दुसऱ्या टोकाने श्वास आत ओढायचा, आणि बोट लावून ती कपात सोडायची. ठरलेल्या वेळात एका माणसाला किती माद्या मिळाल्या, त्यावरून घनता काढतात.

पकडलेल्या मादीचं पोट पाहणं हा या कामातला सगळ्यात शिकवणारा भाग आहे. नुकती प्यायलेली मादी काळसर लाल दिसते. दिवसभराने तिच्या पोटाचा पुढचा भाग लाल राहतो आणि मागच्या भागात अंड्यांचा पांढरा रंग भरू लागतो. या अर्ध्या लाल, अर्ध्या पांढऱ्या मादीची किंमत प्रयोगशाळेत फार मोठी. तिच्या अंडाशयातल्या पोषक पेशींमध्ये गुणसूत्रं इतकी जाड झालेली असतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावरचे आडवे पट्टे वाचता येतात. आणि नुसत्या डोळ्यांना न कळणारी या मादीची खरी जात या पट्ट्यांवरून ओळखता येते.

नोंदवहीत तिच्यापुढे एकच नाव लिहिलं जातं: ॲनोफिलीस क्युलिसिफेसीज. ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारा हा मुख्य डास. लहान, तपकिरी, दिसायला अगदी साधा. पाटाच्या कडेला झिरपून साचलेलं पाणी, नदीपात्रातली डबकी, नव्या विहिरी, भाताची खाचरं ही त्याची अंडी घालायची ठिकाणं. पण १९८० च्या सुमारास गुणसूत्रांच्या पट्ट्यांवरून लक्षात आलं की या एका नावाखाली एकापेक्षा जास्त जाती राहतात. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रात सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम पुढे नेलं, आणि आज अ, ब, क, ड, इ अशा पाच सहोदर जाती मानल्या जातात. डोळ्यांना पाचही सारख्याच. वागणं मात्र वेगळं. 'ब' जात जवळजवळ पूर्णपणे गुरांच्या रक्तावर जगते, म्हणून भारतात हिवताप पसरवण्यात तिचा हात फार थोडा. 'अ' जात माणसाला त्याहून जास्त चावते आणि जास्त धोकादायक ठरते. म्हणजे दोन गावांत घनतेचा आकडा अगदी सारखा निघाला, तरी एका गावात तापाची साथ येऊ शकते आणि दुसऱ्यात लोक नुसते खाजवत बसतात.

हे प्रशिक्षणात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला सगळ्यात आधी गोठे आठवले. बारामती-इंदापुरात गोठा म्हणजे घराची भिंत. गाई रात्री बांधलेल्या असतात आणि त्याच भिंतीपलीकडे, उन्हाळ्यात तर अंगणातच, माणसं झोपलेली असतात. गाईकडे जाणारा डास आणि माणसाकडे जाणारा डास यांच्यात अंतर काही हातांचं. गाई विकल्या, गोठा घरापासून लांब बांधला किंवा दुष्काळात जनावरं छावणीला नेली, की भुकेली मादी कुठे वळेल हा प्रश्न उरतोच. गुरं कमी झाल्यावर डास माणसाकडे वळतात, हे हिवतापाचा अभ्यास करणाऱ्यांनी अनेक देशांत नोंदवलेलं आहे.

डासांच्या अशा जवळच्या जातींचा आपसांत संकर झाला तर काय, हा पुढचा प्रश्न. संकर ही गोष्ट या भागातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. नीरा डाव्या कालव्यावर पणदऱ्यापासून भवानीनगरपर्यंत डोलणारा ऊस हा मुळातच संकर आहे. कोइमतूरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसाळ उसाचा रानटी उसाशी संकर झाला, आणि आजचा व्यापारी ऊस त्या वाटेने आला. याच कालव्यांच्या प्रदेशातल्या पाडेगाव संशोधन केंद्राने शेतकऱ्यांना दिलेला को ८६०३२ म्हणजे 'नीरा' हा वाणही दोन वाणांच्या संकरातून निघाला. गोठ्यातली गाय तशीच. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला बाएफ ही संस्था सुरू केली, होल्स्टीन आणि जर्सीच्या रेतनाने गावठी गाईंच्या पोटी दुधाळ कालवडी जन्मू लागल्या, आणि पुढे या जिरायती-बागायती पट्ट्याचं अर्थकारण दुधाने पालटलं. दूध एकाचं, काटकपणा दुसऱ्याचा, हे गणित इथे प्रत्येक घराला पाठ आहे. एका दूध उत्पादकाने एकदा या मलेरियावाल्याला विचारलं, "सायेब, मग डासातबी असलं होतंय का? ह्याचं डोकं, त्याचं डंख?" प्रश्न अगदी नेमका होता.

होतं. फरक इतकाच की तिथे निवड करणारा माणूस नसतो. निवड औषध करतं, हवामान करतं, पाणी करतं.

आफ्रिकेतला ॲनोफिलीस गॅम्बी हा जगातला सगळ्यात घातक हिवतापवाहक गट. त्यातल्या गॅम्बी आणि अरॅबिएन्सिस या दोन जातींचा संकर झाला तर होणारे नर वांझ निघतात, पण माद्यांना पिल्लं होतात. ती मादी पुन्हा दोघांपैकी एका जातीच्या नराशी जुळली की एका जातीचा गुण दुसरीच्या वंशात शिरतो. वांझ नरामुळे जाती वेगळ्या राहतात, सुपीक मादीमुळे त्यांच्यात एक छोटंसं दार उघडं राहतं. २०१५ मध्ये या गटाच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की या दारातून फार पूर्वीपासून बरीच ये-जा झालेली आहे. आणखी जवळचं नातं गॅम्बी आणि कोलुझी या दोघांचं. मालीमध्ये औषध लावलेल्या मच्छरदाण्या घरोघरी पोचल्या त्याच काळात गॅम्बीमधला कीटकनाशकाला दाद न देणारा जनुकीय बदल संकरातून कोलुझीमध्ये गेला आणि भराभर पसरला. कोलुझीला तो बदल स्वतः घडवत बसावा लागला नाही. शेजारणीकडून तयार मिळाला.

हा बदल मज्जातंतूत घडतो. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड गटातली औषधं किड्याच्या मज्जातंतूमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतात. किडा थरथरतो, पडतो, मरतो. दाराच्या प्रथिनात एक घटक बदलला की औषध तिथे नीट बसत नाही. भारतातल्या क्युलिसिफेसीजमध्येही असा बदल सापडला आहे. म्हणून मालीची गोष्ट इंदापूरच्या माणसाने परकी समजू नये.

औषधाचा इतिहास तर आपल्याच प्रांताचा आहे. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कारवार-धारवाड भागात घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून हिवताप आटोक्यात येतो हे दाखवलं. १९५३ मध्ये देशव्यापी हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचं नाव 'निर्मूलन' झालं. १९६५ च्या आसपास देशातले रुग्ण वर्षाला लाखभरावर आले होते. १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. मधल्या काळात फवारणी ढिली पडली, पैसा आटला, आणि पश्चिम भारतातल्या क्युलिसिफेसीजला डीडीटी चालेनासं झालं होतं. जुन्या फवारणी कामगारांच्या आठवणीत दोन्ही काळ आहेत: भिंतीखाली मेलेले डास झाडूने गोळा करायचा, आणि त्याच भिंतीवर डास बिनधास्त बसलेला पाहायचा.

या कीटक समाहारकाने स्वतः पाहिलेला काळ म्हणजे गुरांच्या लंपी रोगाचा. ४ ऑगस्ट २०२२ ला जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात चिनावल इथे महाराष्ट्रातला लंपीचा रुग्ण सापडला आणि त्यानंतर रोग राज्यभर फिरला. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत हा विषाणू एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. जनावरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली गेली आणि गोठ्यागोठ्यातून फवारणी सुरू झाली. ज्याच्या दावणीला आठ-दहा संकरित गाई आहेत त्याची झोप उडाली होती. संध्याकाळ झाली की तो पाठीवर पंप घेई आणि भिंती, गव्हाण, उकिरडा, सगळं भिजवून काढी. गाई वाचवायला ते हवंच होतं. पण औषधं बहुतेक पायरेथ्रॉइड, म्हणजे आरोग्य खात्याच्या फवाऱ्यात असतं त्याच कुळातली. भेंडी-टोमॅटोवर पडतात त्यांतलीही कितीतरी याच कुळातली. गोठ्याच्या भिंतीवर माशीबरोबर ॲनोफिलीसही बसते. त्या हंगामात इथल्या डासांवर औषधाचा जो ताण पडला तो आरोग्य खात्याने एकट्याने टाकलेला नव्हता. पशुसंवर्धन, शेती आणि आरोग्य यांची औषधं एकाच किड्यावर पडत असतील, तर त्या तिघांनी एका टेबलावर बसून वर्षाचं वेळापत्रक ठरवलं पाहिजे. कुठलं औषध कुणी, कुठल्या महिन्यात वापरायचं, हे तालुक्याच्या पातळीवर ठरवणं काही अशक्य काम नाही. साखर कारखाना हजारो शेतकऱ्यांच्या ऊसतोडीचं वेळापत्रक लावतो, मग हे का होऊ नये?

आता कालव्याचं पाणी जिथे पोचत नाही तिकडे. बारामतीचा सुपे-मोरगावकडचा जिरायती भाग आणि इंदापुरातली टेलची गावं. इथे डबकी कमी, पण पिंपं, हौद, रांजण, सिमेंटच्या टाक्या दारोदार. नळाला पाणी चार-आठ दिवसांनी, टँकरचा भरवसा नाही, म्हणून जे मिळेल ते भरून ठेवायचं. आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस इजिप्ती वाढतो, डेंगी आणि चिकुनगुन्याचा वाहक. त्याचं अंडं पिंपाच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटवलेलं असतं आणि कोरडं पडलं तरी महिनोन्महिने तग धरतं. पिंप पुन्हा भरलं की अळी बाहेर. अळीपासून डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात; आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असा जो घोष लावला जातो त्याचं कारण हेच.

सुप्याकडच्या एका वाडीत एका आजींच्या पिंपात टॉर्च मारली तर अळ्या वळवळत होत्या. त्याने पिंप ओतायला सांगितलं. आजी पदर खोचून दारात उभ्या राहिल्या. "आरं बाबा, परवा भरलंय ते. चार घागरींसाठी दोन तास उभी व्हते. सांडू म्हन्तोस, मंग प्यायचं काय?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने सुनेला बोलावलं, जुन्या लुगड्याच्या दुपदरी कापडातून पाणी दुसऱ्या पिंपात गाळून घेतलं, पहिलं पिंप काथ्याने आतून खसाखसा घासून उन्हात पालथं घातलं आणि गाळलेल्या पिंपावर तेच कापड ताणून दोरीने बांधलं. अळ्या कापडावर राहिल्या. त्यातली एक त्याने आजींच्या तळहातावर ठेवली. शेवटच्या टोकाला श्वासाची नळी असलेली, वाकडीतिकडी होत हलणारी ती अळी पाहून आजी म्हणाल्या, "हे रोज पोटात जातंय व्हय आमच्या?" पुढच्या वेळी तो गेला तेव्हा त्या वाडीतल्या बहुतेक पिंपांवर कापड होतं.

दुष्काळी भागातला हा डास माणसाला इतका का चिकटला, यावर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेलं एक संशोधन या गावांसाठी फार महत्त्वाचं आहे. आफ्रिकेत एडिस इजिप्तीची दोन रूपं आहेत. एक जंगलातलं, झाडाच्या ढोलीत वाढणारं, कुठलंही जनावर चालणारं. दुसरं माणसाच्या घरात राहणारं, माणसाच्याच वासाकडे ओढलं जाणारं. दोघांचा संकर होतो आणि मधल्या स्वभावाचे डास जन्मतात. संशोधकांनी आफ्रिकेतल्या अनेक ठिकाणचे डास तपासले तेव्हा दिसलं की जिथे कोरडा हंगाम जास्त लांब आणि कडक, तिथले डास माणसाला जास्त पसंत करतात. कारण सरळ आहे: कडक उन्हाळ्यात रानात पाणी उरत नाही, ते फक्त माणसाच्या घरात असतं. जो डास घराशी जुळवून घेतो त्याची पुढची पिढी होते. दाट वस्तीचाही परिणाम दिसला. भारतात पसरलेला इजिप्ती हा बहुतांशी त्या घरगुती रूपाचाच वंशज. पर्जन्यछायेतल्या तालुक्यात पाणीटंचाई ही डासाच्या स्वभावाचीसुद्धा गोष्ट असते, हे या अभ्यासामुळे कळतं.

आणि याचे परिणाम या भागाने आजूबाजूला पाहिले आहेत. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला चिकुनगुन्याची साथ आली आणि त्यानंतर हा रोग देशातून जणू नाहीसा झाला. २००० मध्ये बारामतीला लागूनच असलेल्या दौंड तालुक्यातल्या यवत गावात पकडलेल्या एडिस इजिप्तीमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला चिकुनगुन्याचा विषाणू सापडला. त्याचं कूळ जुन्या आशियाई विषाणूचं नव्हतं. आफ्रिकी कुळाचं होतं. पाच-सहा वर्षांनी, २००५-०६ मध्ये, त्याच आफ्रिकी कुळाच्या विषाणूने देशभर धुमाकूळ घातला. यवतच्या डासाने आधीच सांगितलेली गोष्ट ती हीच. पुढे जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण मुंबईत किंवा पुणे शहरात सापडला नाही. तो सापडला पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये.

इजिप्तीला एक चुलतभाऊ आहे, एडिस अल्बोपिक्टस. भिंगाखाली पाठ पाहिली की फरक कळतो: इजिप्तीच्या पाठीवर वीणेच्या आकाराची पांढरी खूण, अल्बोपिक्टसच्या पाठीवर मधोमध एकच सरळ पांढरी रेघ. इजिप्ती घरातला, अल्बोपिक्टस झाडी-झुडपातला. उजनीच्या काठाने केळीच्या बागा वाढल्यापासून हा मलेरियावाला पानांच्या बेचक्यांतलं पाणीही पिपेटने काढून पाहतो, कारण एकरेघी डासाला तेवढंसं पाणी पुरतं. या दोन जातींचा संकर होत नाही, पण मीलन होतं, आणि त्याची फार विचित्र कथा आहे. जुन्या टायरांतून आलेला अल्बोपिक्टस १९८५ मध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये सापडला. तो पसरला तसा फ्लोरिडाच्या बऱ्याच भागांतून इजिप्ती झपाट्याने हटला. पुढे कळलं की अल्बोपिक्टसचा नर इजिप्तीच्या मादीशी जुळला तर पिल्लं होत नाहीत आणि ती मादी नंतर आपल्या जातीच्या नरालाही जवळ करत नाही. एका चुकीच्या मीलनात तिचा वंश संपतो. काही पिढ्यांत परक्या नराला टाळणाऱ्या इजिप्ती माद्या वाढल्या, हेही तिथेच दिसलं. दोन डास एकाच पाण्यावर आले की त्यांच्यात काय घडेल, हे नुसत्या संख्येवरून सांगता येत नाही.

बारामती शहराच्या कडेने उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतींवर त्याची नजर तिसऱ्याच डासासाठी असते: ॲनोफिलीस स्टिफेन्सी. हा ॲनोफिलीस असूनही गच्चीवरच्या टाकीत आणि बांधकामाच्या हौदात वाढतो. १९३७ मध्येच म्हैसूर भागातल्या अभ्यासातून लक्षात आलं होतं की याचे प्रकार अंड्यावरून ओळखता येतात. अंड्याच्या दोन्ही बाजूंना हवेचे तरंगक असतात. त्यांच्यावरच्या उभ्या कडा मोजायच्या. जास्त कडांचा शहरी प्रकार माणसाला चावणारा आणि घातक, कमी कडांचा ग्रामीण प्रकार गुरांकडे ओढा असलेला, आणि मध्ये एक मधला. या प्रकारांचा आपसांत संकर होतो. खेडं आणि शहर यांच्यातली सीमा पुसत चाललेल्या तालुक्यात हे प्रकार एकाच टाकीवर येऊ शकतात. हाच डास २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत पोचला. तिथे त्या वर्षी हिवतापाचे २७ रुग्ण होते. २०२० मध्ये ७३ हजारांवर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आफ्रिकेत या एका डासाविरुद्ध खास मोहीम उघडली.

ग्रामसभेत कधीतरी कुणी तरुण विचारतो, "वांझ नर सोडा की. टीव्हीवर दाखवलं होतं." तोही प्रयत्न महाराष्ट्रात झाला आहे. जालना जिल्ह्यातल्या दावलवाडीत, ज्यांची पिल्लं मोठी होण्याआधीच मरतात असे जनुकबदल केलेले एडिस नर घेऊन पिंजऱ्यातल्या चाचण्या २०१७ मध्ये सुरू झाल्या. ब्राझीलच्या जाकोबिना शहरात असेच नर उघड्यावर सोडले होते. २०१९ मध्ये तिथल्या डासांत सोडलेल्या वाणाच्या मूळ जनुकांचे अंश सापडल्याचं प्रसिद्ध झालं, आणि त्याचा अर्थ काय यावर शास्त्रज्ञांत वाद पेटला. थोडी पिल्लं वाचतात, हे आधीपासून माहीत होतं. पण संकर कागदावरच्या हिशेबापेक्षा थोडा जास्तच होतो. हे तंत्र टाकाऊ ठरत नाही. मात्र नर सोडण्याआधी आणि नंतर गावातले डास वर्षानुवर्षं तपासणारी माणसं हवीत, आणि ती माणसं हाच सगळ्यात दुबळा दुवा आहे.

शेतकऱ्याला यातलं काही नवं वाटत नाही, कारण टोमॅटो-मिरचीचा पर्णगुच्छ आणणारी पांढरी माशीही अशीच आहे. दिसायला एक, आत तीसपेक्षा जास्त जाती. १९९९ मध्ये कर्नाटकातल्या कोलारच्या टोमॅटोवर बाहेरून आलेली जात सापडली तेव्हापासून कोणत्या माशीला कोणतं औषध लागतं हा घोळ शेतात चालूच आहे.

या कीटक समाहारकाचं स्वतःचं म्हणणं थोडक्यात असं. आपण ताप मोजतो. ताप आला की रक्तनमुने, नमुना दूषित निघाला की धुराची गाडी. डास मात्र आपण ताप आल्यावर पाहायला जातो. कालव्याचं आवर्तन, उजनीची पातळी, मे महिन्यातला पाऊस, शेततळ्यांची संख्या, गाई किती, औषध कोणतं, यांतलं काहीही बदललं की त्या पाण्यावर कोणते डास एकत्र येतात हे बदलतं. माळेगाव खुर्दला २००९ मध्ये अजैविक ताणावरची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. उष्णता, दुष्काळ आणि क्षार यांचा पिकांवर होणारा परिणाम तिथे अभ्यासला जातो. तशाच बारकाईने या दोन तालुक्यांतल्या डासांकडे पाहिलं जावं, आणि हवामानाच्या नोंदी नि डासांच्या नोंदी एका कागदावर याव्यात, ही त्याची मागणी अवाजवी नाही. कीटक समाहारकाचं पद रिकामं ठेवून धुराची यंत्रं विकत घेणं हा पैशाचा अपव्यय आहे, हे इथे स्पष्ट लिहायलाच हवं.

गेल्या काही हंगामांपासून त्याने आपल्या वहीत छापील रकान्यांच्या शेजारी हाताने आणखी रकाने आखले आहेत: जवळचं पाणी कोणतं, ते कालव्याचं की टँकरचं की बोअरचं, गोठा घरापासून किती लांब, गोठ्यात शेवटची फवारणी कशाची आणि केव्हा. अर्ध्या लाल, अर्ध्या पांढऱ्या माद्या तो वेगळ्या काढतो. ॲसेटिक आम्लाचा एक भाग आणि मिथेनॉलचे तीन भाग अशा द्रावणात त्यांचे अंडाशय बुडवून बाटलीवर गाव, गोठा आणि तारीख लिहितो आणि बर्फाच्या डब्यात ठेवून पुण्याला जाणाऱ्या माणसाकडे देतो. कॅनॉलवरच्या गावांच्या बाटल्यांना निळी चिठ्ठी, जिरायती गावांच्या बाटल्यांना पिवळी. रब्बीचं आवर्तन सुटलं की पहिले तीन आठवडे तो टेलच्या गावांत काम करणार आहे, कारण कोरड्या चारीत पाणी पुन्हा आलं की पहिल्या पिढीत कुठल्या माद्या निघतात, ते त्याला पाहायचं आहे.